एका वसाहतीचा ताळेबंद

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना मनुष्याची जी दमछाक होते तिचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या तीन शब्दांत साठवलेला आहे. पण या म्हणीतून एक गोष्ट निसटून गेली आहे. बांधणाऱ्याची कसोटी घर बांधताना लागते. खुद्द घराची कसोटी मात्र माणसे त्यात राहू लागल्यावर सुरू होते. वास्तुशांत झाली, पेढे वाटले गेले, गवंडी आणि वास्तुशिल्पी पुढच्या कामाला लागले, की ते घर उन्हाळ्यात किती तापते, त्यात पाणी किती लागते, विजेचे बिल किती येते हे पाहायला सहसा कोणी परत येत नाही. पूल बांधला तर त्यावरून भार नेऊन पाहतात; औषध काढले तर ते रोग्याला देऊन पाहतात; घराच्या बाबतीत मात्र नकाशावर लिहिलेला गुण हाच घराचा गुण मानण्याची जगभर रीत आहे.

श्रोतेहो, आज ज्या वसाहतीची हकीकत मी सांगणार आहे तिच्या बाबतीत ही रीत मोडली गेली. ही वसाहत लंडनच्या दक्षिणेस सटन या भागात आहे. बेडिंग्टन झीरो एनर्जी डेव्हलपमेंट असे तिचे लांबलचक नाव. लोक तिला नुसते ‘बेडझेड’ म्हणतात. २००२ साली ती पुरी झाली. कोळसा, तेल, वायू यांच्या वाट्याला न जाता मनुष्यवस्तीला सुखाने राहता येईल, अशी प्रतिज्ञा तिच्या नावातच होती. ती प्रतिज्ञा कितपत फळली, हे पुढे मीटर लावून, लोकांच्या दारी जाऊन तपासले गेले आणि जे दिसले ते छापलेही गेले. माझ्या मते वसाहतीपेक्षाही ही तपासणीच इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे.

घराचे माप

चांगले घर कोणते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक युगाने आपापल्या दुखण्यावरून ठरवले आहे. एकोणिसाव्या शतकातील लंडनचे दुखणे पटकी आणि ज्वर हे होते. १८४२ साली एड्विन चॅडविक यांनी श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. दाट, अंधाऱ्या, गटाराकाठच्या वस्तीत माणसे लवकर मरतात हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. तेव्हापासून घराचे माप म्हणजे हवा, उजेड, मोरी आणि मृत्यूचे प्रमाण असे ठरले. याच वातावरणात लंडनमध्ये स्थायिक झालेले अमेरिकन पेढीवाले जॉर्ज पीबडी यांनी १८६२ साली शहरातील गोरगरिबांसाठी १,५०,००० पौंडांचे दान दिले, आणि १८६४ साली स्पिटलफील्ड्‌स येथे त्यांच्या निधीतून पहिली इमारत उभी राहिली. पीबडींची ही संस्था आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचीच गाठ पडणार आहे.

आपल्या मुंबईतही माप हेच होते. १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या फोडणे, रस्ते रुंद करणे, खोलीत वारा खेळवणे हे त्या ट्रस्टचे काम. त्याच १८९८ साली इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड नावाच्या एका लघुलेखकाने उद्याननगरीची कल्पना मांडणारे पुस्तक प्रसिद्ध केले. १९०३ पासून लेचवर्थ येथे ती कल्पना विटामातीत उतरू लागली. घराच्या मापात आता झाड आणि मोकळी जागा यांची भर पडली. पुढे १९१४ साली पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानात आले. त्यांनी इथल्या अनेक शहरांची पाहणी केली आणि १९१९ पासून काही वर्षे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा आग्रह एकच: शहराला हात लावण्यापूर्वी त्याची पाहणी करा; वैद्य जसा आधी नाडी पाहतो तसे. मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की, औषध दिल्यानंतरही नाडी पाहावी लागते.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि पश्चिमेकडील राष्ट्रांना पहिल्यांदाच जाणवले की, आपली उबदार घरे दुसऱ्याच्या विहिरीवर जगत आहेत. घराच्या मापात इंधनाचा प्रवेश झाला तो तेव्हा. १९८७ साली नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलंड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने एक नवे सूत्र जगापुढे ठेवले. आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण उद्याच्या पिढीच्या तोंडचा घास काढून नव्हे, हा त्याचा आशय. त्यानंतरच्या दशकात कॅनडातील विल्यम रीस आणि त्यांचे शिष्य मॅथिस वॅकरनेगल यांनी हे सूत्र मोजता यावे म्हणून एक हिशेब बसवला. एका माणसाचे खाणे, राहणे, फिरणे, कचरा टाकणे यांसाठी पृथ्वीची किती हेक्टर सुपीक जमीन आणि पाणी गुंतून पडते, तो हा हिशेब. बेडझेडचा जन्म या हिशेबाच्या काळातला आहे.

गाळाच्या जमिनीवर

वसाहतीसाठी निवडलेली जागा मोठी बोलकी होती. सुमारे पावणेदोन हेक्टरांची ही जमीन पूर्वी मैलापाण्याच्या कामातील गाळ पसरण्यासाठी वापरली जाई. शेती मोडून किंवा रान तोडून नव्हे, तर टाकून दिलेल्या जमिनीवर घरे बांधायची, हा पहिला संकल्प. तेथील नगरपालिकेने ही जमीन विकताना नुसता पैशांचा भाव पाहिला नाही. पर्यावरणाला होणारा लाभही किमतीत धरला. पैसा आणि मालकी पीबडी संस्थेची, वास्तुशिल्पी बिल डन्स्टर, अभियंते अरुप, आणि कल्पनेला चालना देणारी बायोरीजनल ही १९९४ साली पूरन देसाई आणि स्यू रिडलस्टोन यांनी स्थापलेली संस्था. डन्स्टर यांनी १९९५ च्या सुमारास स्वतःसाठी सूर्याच्या उबेवर चालणारे एक घर बांधले होते; त्याचीच ही विस्तारित आवृत्ती म्हणावी लागेल.

८२ घरे आणि त्यांच्या जोडीला काम करण्यासाठी गाळे, असा संसार उभा राहिला. काही घरे विकत घेणाऱ्यांची, काही अर्ध्या मालकीची आणि काही अल्प भाड्याची. म्हणजे हौशी मंडळींनीच येऊन राहावे असा प्रकार नव्हता. घरांची रचना अशी: राहण्याच्या खोल्या दक्षिणेकडे तोंड करून, त्यांच्यापुढे काचेची ओसरी; कचेऱ्या उत्तरेकडे. भिंती, छत आणि जमीन यांत सुमारे ३०० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर. खिडक्यांना तिहेरी काचा. विलायतेत सूर्य दक्षिणेकडूनच जातो आणि हिवाळ्यात तो दुर्मिळ असतो. म्हणून मिळेल तेवढे ऊन आत घ्यायचे आणि दार लावून ते कोंडून ठेवायचे, असे हे शास्त्र आहे. स्वयंपाकाची शेगडी, दिवे आणि खुद्द माणसांच्या अंगची ऊब यांनीच घर बव्हंशी तापावे अशी अपेक्षा होती. हवा कोंदू नये म्हणून छपरावर वाऱ्याबरोबर फिरणारी रंगीबेरंगी धुराडी बसवली. त्यांतून ताजी हवा आत येते, शिळी हवा बाहेर जाते आणि जाता जाता आपली ऊब आत येणाऱ्या हवेला देऊन जाते. या कामाला वीज लागत नाही, वारा लागतो.

बांधकामाच्या मालातही हाच विवेक होता. वजनाने निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के माल ३५ मैलांच्या टापूतून आणला. सांगाड्यातील बहुतेक पोलाद जुन्या बांधकामांतून काढलेले होते, त्यातले काही ब्रायटनच्या रेल्वे स्थानकातले.

यावर यंत्रांचा साज चढवला. शहरातील झाडांच्या छाटणीतून निघणाऱ्या लाकडाच्या ढलप्यांपासून वायू करायचा, त्यावर वीज करायची आणि त्याच उष्णतेने नळाला गरम पाणी द्यायचे, असे एक सयंत्र वसाहतीतच बसवले. सांडपाणी काचघरातील वनस्पतींच्या टाक्यांतून फिरवून शुद्ध करायचे आणि संडासासाठी पुन्हा वापरायचे, अशी दुसरी योजना. ७७७ चौरस मीटर सोलर पॅनेल बसवली. त्यांच्या विजेवर ४० मोटारी चालतील असा अंदाज होता. मोटारी उभ्या करण्याची जागा मुद्दामच कमी ठेवली आणि भाड्याने वाटून वापरायच्या सामाईक मोटारींचे मंडळ काढले. मीटर मात्र जिन्याखाली न दडवता स्वयंपाकघरात, डोळ्यांसमोर लावले. ही लहानशी गोष्ट मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

मीटरची साक्ष

२००३ साली इंग्लंडातील वास्तुशिल्पाच्या सर्वांत मानाच्या स्टर्लिंग पारितोषिकाच्या अंतिम यादीत बेडझेडचे नाव आले. त्याच वर्षी पहिले मोजमापही बाहेर आले. त्या देशातील सरासरीच्या मानाने घर तापवण्याची ऊर्जा ८८ टक्क्यांनी कमी, गरम पाण्याची ५७ टक्क्यांनी कमी, वीज २५ टक्क्यांनी कमी, नळाचे पाणी निम्मे आणि खाजगी मोटारींचा प्रवास ६५ टक्क्यांनी कमी. इथेच थांबले असते तर ती एक सुखान्त गोष्ट झाली असती.

पण मंडळी पुन्हा गेली. २००७ साली अधिक बारकाईने तपासणी झाली आणि २००९ साली सात वर्षांचा ताळेबंद प्रसिद्ध झाला. ताळेबंदाला दोन बाजू असतात, तशा यालाही होत्या.

जमेच्या बाजूला पाहता, सटनमधील सरासरीच्या मानाने उष्णतेची गरज ८१ टक्क्यांनी आणि वीज ४५ टक्क्यांनी कमी होती. माणशी रोज नळाचे ७२ लिटर पाणी आणि त्यावर पावसाचे वा पुनर्वापराचे १५ लिटर पाणी लागे; म्हणजे नळाचा खर्च आसपासच्या मानाने सुमारे निम्माच.

खर्चाच्या बाजूला पाहिले तर ज्या सयंत्रावर ‘शून्य’ हे बिरुद उभे होते ते २००५ सालीच थंडावले होते. त्या आकाराचे तसे सयंत्र नवखे होते. अखंड चालावे म्हणून ते घडवले, पण रात्री ते बंद ठेवावे लागे. थंड होताना आत डांबरासारखा चिकटा धरे आणि सकाळी दुरुस्ती उभी राही. अखेरीस त्याच्या जागी वायूवर चालणारे बंब आले, आणि वीज बाहेरच्या तारांतून घ्यावी लागली. वनस्पतींची जलशुद्धीही त्याच सुमारास थांबली. एवढ्याशा वस्तीसाठी तिची देखभाल आणि खर्च परवडेना. २००८ साली तिच्या जागी दुसरे, अधिक यांत्रिक सयंत्र आले. तेही २०११ साली बंद झाले. चाळीस विजेच्या मोटारी काही अवतरल्या नाहीत. पॅनेलची वीज घरांतच खर्ची पडली. आणि ज्या काचेच्या ओसऱ्या हिवाळ्याचे वरदान होत्या, त्या उन्हाळ्यात अनेकांना तापदायक वाटू लागल्या. थंडीच्या मुलखातही घर फार तापते अशी तक्रार निघाली!

या दोन बाजू शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट दिसते. जे जे स्थिर होते ते टिकले. जे जे फिरत होते, जळत होते, पंपावर चालत होते ते निकामी झाले. जाड भिंत आजारी पडत नाही. दक्षिणेकडचे तोंड नादुरुस्त होत नाही. वाऱ्याच्या धुराड्याला परदेशातून सुटा भाग मागवावा लागत नाही. उलट यंत्र म्हटले की माणूस आला, तेल आले, करार आला. आणि यंत्र कोणाच्याही नावावर असो, त्याच्या दुरुस्तीचा भार या ना त्या रूपाने राहणाऱ्यांच्या माथी येतो. अल्प भाड्याच्या घरात राहणाऱ्या कुटुंबाला हा फरक पुस्तकी नसतो. नगण्य इंधनात ऊब देणारी भिंत ही त्याची कायमची मिळकत आहे. बंद पडणारे सयंत्र हे त्याचे कायमचे देणे आहे.

हिशेबातल्या खोचा

मोजमाप केले म्हणजे सत्य हाती लागलेच असे नव्हे. मोजमापातही खोचा असतात, आणि त्या ओळखल्या नाहीत तर आकडे आपल्याला फसवतात.

पहिली खोच तुलनेची. बेडझेडचे घर ८१ टक्के उष्णता वाचवते, हे खरे. पण कोणाच्या मानाने? आसपासच्या सरासरी घराच्या मानाने. आणि त्या सरासरीत गळक्या खिडक्यांची, पातळ भिंतींची कितीतरी जुनी घरे आहेत. नव्या घराची शर्यत जुन्याशी लावली तर जिंकणे सोपे जाते. त्याच साली बांधलेल्या साध्या घराशी तुलना केली तर बेडझेड पुढेच राहील, पण अंतर कमी दिसेल. म्हणून कोणीही टक्केवारी सांगू लागला की ‘कशाच्या मानाने?’ हा प्रश्न प्रथम विचारावा.

दुसरी खोच माणसाची. १९७२ पासून प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ट्विन रिव्हर्स नावाच्या वसाहतीचा काही वर्षे अभ्यास केला. घरे एकाच नकाशाची, एकाच कंत्राटदाराची, शेजारी शेजारी. तरीही एका घराचे इंधन दुसऱ्याच्या दुप्पट असल्याचे आढळले. घरातली माणसे बदलली की त्या घराचा खर्चही बदले. घर तेच, संसार निराळा! याचा अर्थ असा की, वास्तुशिल्पी निम्मे घर बांधतो. उरलेले निम्मे त्यात राहणारे रोज बांधत असतात. स्वयंपाकघरात लावलेल्या मीटरचे महत्त्व यातच आहे. खर्च दिसला की हात आवरतो, हे आपल्या घरोघरीच्या गृहिणींना सांगायला नको; महिन्याचा हिशेब लिहिणारी वही हे त्यांचे मीटरच आहे.

कुंपणाबाहेरचा हिशेब

तिसरी आणि सर्वांत खोल खोच सीमेची. घराचा हिशेब घराच्या उंबऱ्यापाशी संपवायचा की पुढे न्यायचा? बेडझेडच्या तपासणीने तो पुढे नेला, आणि तेथेच अस्वस्थ करणारे सत्य उघड झाले. रीस आणि वॅकरनेगल यांच्या पद्धतीने हिशेब केला तर ब्रिटनमधील सरासरी माणसासारखे साऱ्या जगाने राहायचे ठरवले असते तर त्या वेळी सुमारे तीन पृथ्व्या लागल्या असत्या. बेडझेडमधील सरासरी रहिवाशाचा आकडा निघाला २.६. अत्यंत जागरूकपणे राहणाऱ्याचा १.७. एक पृथ्वी कोणालाच पुरली नाही.

इतके करूनही असे का व्हावे? कारण माणूस घरात राहतो, पण घरावर जगत नाही. त्याचे अन्न दूरच्या शेतातून येते. कपडे, वस्तू दूरच्या कारखान्यांतून येतात. रस्ते, रुग्णालये, शाळा, सरकार यांचा भार सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो. मोटार कमी वापरणारी ही मंडळी विमानाने प्रवास करण्यात मात्र शेजाऱ्यांच्या मागे नव्हती. थंडीत जे इंधन भिंतींनी वाचवले, त्यातले बरेचसे सुट्टीच्या एका उड्डाणात आकाशात गेले. घर कितीही साधुवृत्तीचे असले तरी त्यातला माणूस संसारीच असतो!

मात्र याच तपासणीत एक आकडा असाही निघाला की जो मनाला उभारी देतो. बेडझेडमधील माणसे सरासरी २० शेजाऱ्यांना नावाने ओळखत होती. आसपासच्या वस्तीत ही संख्या ८ होती. मोटारी बाहेर राहिल्या, पाऊलवाटा आणि अंगणे समाईक झाली, त्याचे हे फळ. हा गुण कोणत्याही सयंत्राने दिला नाही, आणि त्यामुळे तो कधी बंदही पडला नाही.

राज्यकर्त्यांनी काय केले, तेही पाहण्याजोगे आहे. २००६ साली ब्रिटिश सरकारने घोषणा केली की २०१६ पासून देशातील प्रत्येक नवे घर कार्बनशून्य असेल. अशा घोषणेमागे बेडझेडसारखी उभी उदाहरणे होती. पण मुदत यायच्या आधीच, २०१५ च्या जुलैत, ते उद्दिष्ट रद्द करण्यात आले. वसाहतीचे सयंत्र बंद पडले तेव्हा बांधणाऱ्यांनी ते ताळेबंदात लिहिले. सरकारचे वचन बंद पडले तेव्हा नुसते परिपत्रक निघाले. या दोन पराभवांत कोणता अधिक सन्मानाचा, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आपल्यासाठी

आपल्या शहरांतही आता ‘हरित’ इमारतींच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. २००७ साली ‘गृह’ ही राष्ट्रीय मानांकनपद्धती स्वीकारली गेली. २०१८ साली राहत्या घरांसाठी इको निवास संहिता आली, आणि इमारतीच्या भिंती, छत, खिडक्या यांतून किती उष्णता आत यावी याचे नियम तीत घातले गेले. हे योग्यच झाले. बेडझेडच्या अनुभवानेही भिंतीलाच पहिला मान दिला आहे. पण त्या वसाहतीचे बाह्य रूप उचलून आणणे म्हणजे शुद्ध अविचार होईल. ज्या मुलखात ऊन हा पाहुणा आहे तेथे काचेची ओसरी शोभते. विदर्भाच्या मे महिन्यात ती भट्टी होईल. आपले शास्त्र उलटे आहे: ऊन अडवायचे, सावली वाढवायची, वारा खेळवायचा. जुन्या वाड्यांचा चौक, जाड भिंती, पडवी यांचे आपण कौतुक करतो. ते कौतुकही मापाच्या कसोटीवर उतरवून मगच स्वीकारले पाहिजे, नुसत्या आठवणींच्या जोरावर नव्हे.

आणावयाचे असेल तर तेथले रूप नव्हे, तेथली रीत आणावी. वसाहत वसल्यावर दोन वर्षांनी, सात वर्षांनी कोणीतरी परत जावे. वीज किती, पाणी किती, टँकर किती, खोली दुपारी किती तापली, मैलाशुद्धीचे सयंत्र चालू आहे की त्याला कुलूप आहे, हे पाहावे. जे बिघडले ते झाकू नये. हे काम सरकारनेच करावे असे नाही. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पैशांचा ताळेबंद वाचला जातोच. त्याखाली पाण्याच्या आणि विजेच्या दोन ओळी लिहिल्या तर सभेचा वेळ पाच मिनिटांनी वाढेल एवढेच. पण दहा वर्षांनी त्या शहरापाशी खऱ्या घरांचा खरा इतिहास जमा होईल. आणि पुढचे घर बांधणाऱ्याला जाहिरातीऐवजी अनुभवाचा आधार मिळेल.

बेडझेडला शून्य गाठता आले नाही. पण आपण शून्यापासून किती दूर राहिलो हे तिने मोजले आणि जगाला सांगितले. नामांकित वास्तूंच्या इतिहासात असा प्रामाणिकपणा फार आढळत नाही. ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी आपल्याला दिली. ‘बांधलेले घर पाहावे मोजून’ एवढी पुस्ती तिला जोडण्याचे काम आपल्या पिढीकडे आले आहे.